व्हॅनला फोर बाय फोर करावं का?

जुनी व्हॅन घ्यायची, मागे गादी-शेगडी बसवायची, चारही चाकांना ताकद मिळेल अशी करून घ्यायची आणि वाट फुटेल तिकडे निघायचं, हे स्वप्न सध्या आमच्या वयाच्या बऱ्याच जणांना पडतंय. यंदा गणपतीत आमच्या घरीही हाच विषय निघाला. काकांची ईको आहे, धाकटा चुलतभाऊ हौशी आहे आणि बेळगावात उद्यमबाग आहे, जिथे ओतकामापासून लेथपर्यंत सगळं होतं. मग अडतंय कुठे? मी सॉफ्टवेअरवाला; पण प्रश्न पडला की मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. ती पुढेही न्यायची तर गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस लागते. तिथून पुढे जाणारा वेगळा शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल आणि चाक वळलं तरी फिरत राहतील असे सांधे असलेले ॲक्सल लागतात. पुढच्या चाकांच्या जागेत स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन आधीच दाटीने बसलेलं आहे. म्हणजे हबपासून सगळं नव्याने करायचं. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा रेशो जुळला नाही, तर चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

जगात हे होत नाही असं नाही. फोक्सवॅगनने 1985 मध्ये आपल्या व्हॅनचं सिंक्रो हे रूप आणलं. ते ऑस्ट्रियातल्या ग्राझला श्टायर-डाइमलर-पुख कंपनीत तयार होई. जपानमध्ये सुझुकीची एव्हरी ही छोटी व्हॅन कारखान्यातूनच फोर बाय फोर मिळते. अमेरिकेत क्विग्ली कंपनी फोर्डच्या व्हॅन बदलून देत आली. पण त्यातल्या जुन्या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी भक्कम चासी असे. आपल्या ईकोला ती नाही.

आपल्याकडे मोठी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हौस पुतण्याची असली तरी आरसी काकांच्या नावावर आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने दावा नाकारला, तर निस्तरायचं त्यांनी. आमच्या घरात चर्चा इथेच थांबली.

मुळात फोर बाय फोर म्हणजे जादू नव्हे. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद घसरणाऱ्या चाकाकडे पळते. त्यामुळे लॉक नसेल तर पुढचं एक आणि मागचं एक चाक चिखलात गरगरतं, गाडी जागची हलत नाही. उतारावर आणि ब्रेक लावताना तर पकड टायरचीच. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे लाल मातीत गाडी फसते ती बहुतेक वेळा गुळगुळीत टायर, जादा वजन आणि घाई यांमुळे.

म्हणून आम्ही कंपनीच्याच मापाचे चांगले टायर घेतले. सोबत दोरखंड, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवला. पुढे चिखल दिसला की एकाने उतरून आधी चालत जायचं, हा नियम केला. ज्यांना खरोखर खडकाळ वाटेनेच जायचंय त्यांनी पैसे साठवून पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा बघावी. तिला लो रेंज आणि दोन्ही डिफरन्शियलना लॉक कारखान्यातूनच मिळतात.

आणि गाडी कुठलीही असो, भीमगडसारख्या अभयारण्यात रस्ता सोडून ती घालायची नाही. तिथली वाट जनावरांची आहे.