फ्रान्सची लोकआघाडी

१९३२ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीत जी निवडणूक झाली, तीत समाजवादी लोकशाही पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्या मतांची बेरीज हिटलरच्या पक्षाच्या मतांहून अधिक भरली होती; परंतु हे दोन्ही पक्ष श्रमिकांचे कैवारी म्हणवीत असताही परस्परांना वैरी लेखीत, मॉस्कोप्रणीत कम्युनिस्ट इंटरनॅशनल समाजवाद्यांची संभावना 'सामाजिक फॅसिस्ट' अशी करी, आणि या भाऊबंदकीत तीन महिने लोटतात न लोटतात तोच हिटलर चॅन्सेलर होऊन दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांची रवानगी छळछावण्यांत होऊ लागली. शेजारच्या फ्रान्समधील कामगार हा सर्वनाश पाहत होते, आणि पुढे तेथे जी लोकआघाडी उभी राहिली तिचे मूळ याच भयप्रद अनुभवात आहे.

१९३४ च्या प्रारंभी स्ताव्हिस्की नामक एका ठकाच्या अफरातफरीत काही राजकारणी पुरुषांची नावे गोवली गेल्याने लोकमत प्रक्षुब्ध झाले असता, ६ फेब्रुवारी रोजी राजसत्तावादी आणि निमलष्करी संघटनांचे जथे पॅरिसच्या कॉंकॉर्द चौकातून प्रतिनिधिगृहावर चाल करून गेले, गोळीबारात माणसे ठार झाली, आणि गृहाचा विश्वास पाठीशी असूनही पंतप्रधान दालादिए यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. याला उत्तर म्हणून १२ फेब्रुवारीस सार्वत्रिक संप झाला; त्या दिवशी समाजवाद्यांची एक आणि कम्युनिस्टांची एक अशा दोन मिरवणुका पॅरिसमध्ये समोरासमोर आल्या, तेव्हा आता हातघाई होणार असे भय वाटत असतानाच 'एकी, एकी' असा घोष उठून दोन्ही समुदाय एकमेकांत मिसळून गेले. पुढाऱ्यांचा करारनामा त्यानंतर जुलैत झाला. सामान्य कामगारांनी जे आधीच करून दाखविले होते, त्यावर पुढाऱ्यांनी मागाहून शिक्कामोर्तब केले इतकेच.

तथापि केवळ कामगारांच्या एकीने भागणारे नव्हते, कारण फॅसिझमचे बळ मुख्यत्वे मंदीने धास्तावलेल्या लहान शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या आणि कारकुनाच्या असंतोषावर पोसले जाते. म्हणून या वर्गाचा विश्वास ज्या रॅडिकल पक्षावर होता त्यालाही सामील करून घेऊन, 'भाकरी, शांतता, स्वातंत्र्य' या तीन शब्दांत मावेल असा सौम्य जाहीरनामा सिद्ध करण्यात आला. १९३६ च्या मे महिन्यात आघाडीला बहुमत लाभले आणि जूनमध्ये समाजवादी पुढारी लेऑं ब्लूम पंतप्रधान झाले. कम्युनिस्टांनी मात्र मंत्रिपदे न स्वीकारता बाहेरून पाठिंबा दिला.

मंत्रिमंडळ अधिकारारूढ होण्यापूर्वीच कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून संप सुरू केले होते आणि ही लाट सुमारे वीस लाखांपर्यंत पोहोचली. त्या दडपणाखाली ७ जूनच्या रात्री मातिन्यों वाड्यात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बसले, मजुरीत ७ ते १५ टक्के वाढ आणि कामगार संघाचे हक्क मान्य झाले, आणि पाठोपाठ आठवड्यास ४० तासांचे काम व वर्षास दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारे कायदे संमत झाले. रेल्वेची तिकिटेही सवलतीने मिळू लागल्यामुळे कित्येक कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहिला. स्त्रियांना मताधिकार नसलेल्या त्या देशात ब्लूम यांनी तीन स्त्रियांना उपमंत्री केले, आणि दंगलखोर संघटना कायद्याने बरखास्त केल्या.

परंतु जुलैतच स्पेनमध्ये, तेथील निवडून आलेल्या लोकआघाडीच्या सरकारविरुद्ध, सेनापतींनी बंड पुकारले आणि त्या सरकारने फ्रान्सपाशी शस्त्रे मागितली. ब्लूम यांचे मन मदतीकडे झुकत होते. पण रॅडिकल सहकाऱ्यांचा विरोध, ब्रिटिश सरकारची नाराजी आणि आपल्याच देशात यादवी माजेल ही धास्ती यांपुढे त्यांनी मान तुकविली आणि ऑगस्टमध्ये तटस्थतेचे धोरण पत्करले. या धोरणाला इटली व जर्मनीनेही संमती दिली होती, पण त्यांची विमाने व सैनिक बंडखोर सेनापती फ्रँकोच्या मदतीस जातच राहिले. इकडे धनिकांनी आपले भांडवल परदेशी हलविले, फ्रँकचे अवमूल्यन करावे लागले, १९३७ च्या फेब्रुवारीत सुधारणांना विराम देण्यात आला, आणि सेनेटने आर्थिक अधिकार नाकारताच जूनमध्ये ब्लूम पायउतार झाले.

पुढे १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्सचा पराभव झाल्यावर तेथे जे व्हिशी सरकार आले, त्याने १९४२ मध्ये रियोम येथे खटला भरून त्या पराभवाचे खापर ब्लूम आणि दालादिए यांच्या माथी फोडू पाहिले. पण ब्लूम यांनी आपल्याच कारकिर्दीत शस्त्रसज्जतेचा मोठा कार्यक्रम आरंभिला गेल्याचे दाखवून आरोप परतवला, आणि तो खटला निर्णयाविनाच तहकूब झाला. लोकआघाडीचा दोष गरिबाला विसावा दिला हा खासच नव्हे; भिन्न मतांच्या लोकांना शत्रू कोण हे एकमुखाने सांगता आले, पण त्या शत्रूला रोखण्यासाठी सरहद्दीपलीकडे काय किंमत मोजावयाची हे त्यांनी आधी ठरविले नव्हते, हा तिचा दोष होय. ज्यांना हुकूमशाहीविरुद्ध एकत्र यावयाचे आहे त्यांनी ही किंमत प्रथमच, आणि मोकळेपणाने, ठरविली पाहिजे. कारण संकट दाराशी आल्यावर तिचा निर्णय घेण्याइतकी उसंत मिळत नाही.