जुहूला आलेला बेवारशी पाहुणा

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मुंबईला नातेवाइकांकडे गेले की मुलांना जुहूला न्यायचे, भेळ खायची, पाय भिजवायचे. समुद्राशी संबंध एवढाच. या पाण्यावर कायदा कुणाचा, हा प्रश्न वाळूत बसून कुणाला पडत नाही. ३१ जुलै २०११ च्या रविवारी मात्र तो साऱ्या मुंबईला पडला.

त्या दिवशी जुहूच्या वाळूत ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज येऊन रुतले. आत माणूस नाही! जूनअखेर ओमानजवळ इंजिन बंद पडल्यावर त्यावरच्या खलाशांना ब्रिटिश युद्धनौकेने वाचवले होते. जहाज बुडणार, असेच सारे धरून चालले. ते मात्र पावसाळी वाऱ्यावर महिनाभर तरंगत अरबी समुद्र ओलांडून आले. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा होता, तरी वाळूला टेकेपर्यंत त्याला कुणी अडवले नाही.

जबाबदारी कुणाची? संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर) आपली सत्ता. २०० मैलांपर्यंत मासे, तेल, खनिजे आपली. पण ये-जा करणारे जहाज सहसा अडवता येत नाही. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा. ‘पवित’वर झेंडा होता पनामाचा! सुरक्षिततेचे आणि प्रदूषणाचे नियम ठरतात लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत. आणि आपल्याकडचा पहारा नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस यांच्यात वाटलेला. इतक्या दारांतून एक जहाज निसटले, यात नवल ते काय!

चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, ‘रॅक कॅरियर’ हे जहाज सुमारे ६० हजार टन कोळशासह मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. म्हणजे १२ मैलांच्या रेषेबाहेर. गळणाऱ्या तेलाला रेषा कुठली ठाऊक? ते किनाऱ्याकडे सरकले, आणि कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा नऊ दिवसांवर आलेली.

बुडालेले जहाज मालकाने स्वखर्चाने काढावे, मोठ्या जहाजांनी त्यासाठी विमा उतरवावा, असे नैरोबी करार सांगतो. भारत त्यात मार्च २०११ मध्येच सामील झाला होता. करार अमलात आला २०१५ साली. आपला १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा बदलून संसदेने नवा केला, तो थेट २०२५ मध्ये.

‘पवित’ला त्याच ऑगस्टमध्ये ओढून खोल पाण्यात नेले. जुहूची वाळू पुन्हा भेळवाल्यांची झाली.