घरचा गोऱ्हा की बाजारातली जोडी? कबड्डीत कोटीचा खेळाडू भारी की घडवलेला पोरगा, समजून घ्या

नरसी नामदेव (ता. हिंगोली) : दावणीचा गोऱ्हा वाढवायचा की बाजारातून तयार जोडी आणायची, हा हिशोब कयाधूकाठच्या शेतकऱ्याला नवा नाही. गोऱ्हा स्वस्तात पडतो. पण दोन-तीन वर्षं चारा घालावा लागतो, वळण लावावं लागतं आणि तो कामाला चांगला निघेलच याची खात्री नसते. तयार जोडी दुसऱ्याच दिवशी औताला जुंपता येते, पण पैसे रोख मोजावे लागतात आणि तिची उमेदीची वर्षं आधीच्या मालकाकडं गेलेली असतात.

हाच हिशोब प्रो कबड्डी लीगमधले बारा संघ कोट्यवधी रुपयांवर मांडतात. गावातलं मंडळही स्पर्धा जवळ आली की तोच मांडतं : आपली पोरं उतरवायची, की बाहेरून चार खेळाडू आणायचे? मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांच्या दृष्टीनं हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. त्यांचा नंबर लागणार की नाही, हे त्यावर ठरतं.

खेळाडू संघात येतो कसा?

लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या लिलावात पाटणा पायरेट्सनं राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांना घेतलं, तेव्हा तो सगळ्यात महागडा खेळाडू होता. आज तेवढ्या पैशात मोठं नाव मिळत नाही.

संघात यायच्या मुख्य वाटा तीन. पहिली लिलावाची. खेळाडूंचे ए, बी, सी, डी असे गट पाडलेले असतात आणि अलीकडच्या लिलावांत त्यांच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख अशा राहिल्या आहेत. बोली तिथून वर चढते. दुसरी वाट म्हणजे जुन्या संघानं खेळाडूला कायम ठेवणं. लिलावात शेवटची बोली लागल्यावर ठरावीक वेळा तीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायची मुभाही संघाला असते. तिसरी वाट 'न्यू यंग प्लेयर' म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची. ही पोरं लिलावाच्या चढाओढीत न पडता ठरलेल्या मानधनावर संघात येतात.

यात अडचण अशी की थैली मर्यादित असते. दहाव्या हंगामात एका संघाला खर्चायला ५ कोटी रुपये होते आणि किमान १८ खेळाडू घ्यायचे होते. एकावर जास्त खर्च केला की बाकीच्यांना तेवढं कमी उरणार, हे सरळ आहे.

महागडा खेळाडू अंगलट कधी येतो?

२०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाज संघानं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. संघ कोसळेल असं वाटत होतं. पण नरेंदर नावाच्या नवख्या रेडरनं त्या हंगामात चढाईचे २४३ गुण घेतले, पकडीला साहिल गुलिया आणि सागरसारखी तरुण पोरं उभी राहिली आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले.

पुढच्या वर्षी पवनला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाखांहून जास्त पैसे मोजून घेतलं. म्हणजे ५ कोटींपैकी निम्म्याहून अधिक एकाच नावावर. उरलेल्या १७ जणांसाठी २ कोटी ४० लाखही राहिले नाहीत, म्हणजे माणशी सरासरी १४ लाखांच्या आसपास. पवन खेळला, गुण घेतले, पण संघाला २२ सामन्यांत फक्त २ विजय मिळाले आणि टायटन्स तळाला गेले. यात पवनचा खेळ कमी पडला असं म्हणता येत नाही. कबड्डीत एकटा रेडर बाद झाला की तो बाकावर जातो, आणि त्याला पुन्हा आत आणायला बाकीच्या सहा जणांनी गुण मिळवावे लागतात. ते सहा जण कच्चे असतील तर कोटीचा माणूस बाहेर बसून मॅच बघतो.

कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईची गोष्टही अशीच. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्यानं चढाईत दोनशेच्या वर गुण केले. पुढच्या हंगामात टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. गुण त्यानं जवळपास तेवढेच दिले. खेळ तोच, भाव मात्र चौपट. सगळ्यात मोठा फायदा झाला तो त्याला आधी ओळखणाऱ्या संघाचा.

मग घडवलेली पोरंच बरी?

पुणेरी पलटणनं आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या पोरांना मैदानात उतरवलं. अस्लम आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला. संघानं त्यांना लगेच बदललं नाही, खेळू दिलं. नवव्या हंगामात पलटण अंतिम फेरीत हरली. दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला, कर्णधार अस्लमच्या संघानं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. दिल्लीच्या नवीन कुमारचंही तसंच. २०१८ मध्ये तरुण खेळाडू म्हणून आला आणि आठव्या हंगामात दबंग दिल्लीला विजेतेपद मिळवून देणाऱ्यांत तोच पुढे होता.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. दहाव्या हंगामात पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजून डाव्या कोपऱ्यावर आणलं होतं. पुढच्या हंगामात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडं गेला आणि त्या वर्षी हरियाणा जिंकली. म्हणजे तयार खेळाडू घेणं चूक नाही. फरक एवढाच की दोन्ही संघांची घडी आधी बसलेली होती. पलटण आदल्या वर्षीची उपविजेती, हरियाणाही आदल्या वर्षीची उपविजेती. एक जागा कमी पडत होती, तेवढीच विकत घेतली. टायटन्सनं कळस आधी आणला, पाया नंतर शोधला.

शिवाय घडवलेल्या पोरांमधली फक्त यशस्वी नावं आपल्याला दिसतात. एक-दोन हंगाम बाकावर बसून परत गेलेली पोरं कितीतरी. प्रत्येक गोऱ्हा कामाला निघत नाही, म्हणून दावणीला एकच ठेवून भागत नाही.

अमेरिकेत बेसबॉलवालेही हेच मोजतात

तिथं १९६५ पासून नव्या पोरांची 'ड्राफ्ट' पद्धत आहे. संघ पाळीपाळीनं शाळा-कॉलेजातली पोरं निवडतात. निवडलेला खेळाडू मुख्य लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या संघाशी बांधलेला असतो आणि सुरुवातीची वर्षं त्याला तुलनेनं कमी पगार मिळतो. सहा वर्षांनंतर तो मोकळा होतो आणि हवा तो भाव मागू शकतो.

अल्बर्ट पुहोल्सला सेंट लुईस संघानं १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, म्हणजे चारशे पोरं निवडून झाल्यावर घेतलं. त्याच्या जोरावर २००६ आणि २०११ ची विजेतेपदं आली. नंतर एंजल्स संघानं त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. तोवर तो तिशी ओलांडून गेला होता. त्या दहा वर्षांत संघ बाद फेरीत एकदाच पोचला आणि तिथं एकही सामना जिंकला नाही. भाव मागच्या कामगिरीचा दिला, काम मात्र पुढच्या वयाकडून घ्यायचं होतं.

गावाला आणि घरच्यांना यातून काय घेता येईल?

बाहेरचे खेळाडू आणून मंडळ एखादी ट्रॉफी जिंकतं. मानधन घेऊन ते निघून जातात आणि गावची पोरं पुढच्या वर्षी तिथंच बाकावर असतात. सातपैकी एखादी जागा खरंच कमी पडत असेल तर बाहेरचा अनुभवी माणूस जरूर आणावा. त्याच्याकडून पोरं शिकतातही. पण पाच-सहा जागा बाहेरच्यांना दिल्या तर गावाचा संघ फक्त नावाला उरतो.

ज्यांचा पोरगा खरंच चांगला खेळतो, त्या घरांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, वाट जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्याकडं आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेकडं जाते. वयाचा दाखला आणि वजन आधीपासून सांभाळावं. दोन, 'पैसे भरा, लीगमध्ये घेतो' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणावं. खेळाडूला घेणारा संघ पैसे देतो, मागत नाही. तीन, सहीआधी करार किती वर्षांचा आहे आणि दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हे वाचून घ्यावं. स्वस्तातली वर्षं संघाच्या फायद्याची असतात. त्या वर्षांत पोराचं शिक्षण सुटणार नाही, हे बघणं मात्र घरच्यांच्याच हातात आहे.