एकच कृमी, पाच वेष

पूर्व विदर्भातल्या गावांत हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला येतात ते रात्री, जेवणे उरकून लोक अंथरुणाला पाठ टेकत असताना. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात आणि पुढच्या घरी जातात. ज्याचा पाय सुजलेला नाही, ज्याला तापही नाही, त्याला हा प्रकार विचित्र वाटतो. दिवसा दवाखाना उघडा असताना रात्रीच कशाला?

कारण या कृमीची पिल्ले दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये दडून बसतात आणि साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. गाडीच्या वेळेवर फलाटावर येऊन उभे राहावे, तसा हा हिशेब आहे. 1872 मध्ये टिमोथी लुईस यांनी कोलकात्यात ही पिल्ले माणसाच्या रक्तात पाहिली. 1877 मध्ये पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने चीनमधल्या अमॉय बंदरात ती डासाच्या शरीरात वाढताना पाहिली. हिवतापाचा डासाशी असलेला संबंध सिद्ध व्हायला त्यानंतर वीस वर्षे लागली.

मात्र मॅन्सनला दिसले ते फक्त आकार. आत काय बदलते, हे समजायला जनुकशास्त्राची वाट पाहावी लागली.

हत्तीरोगाचा कृमी आयुष्यात चार वेळा कात टाकतो आणि पाच अवस्थांमधून जातो. माणसाच्या रक्तातले पिल्लू म्हणजे मायक्रोफायलेरिया. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. डासाने रक्त ओढले की ते डासाच्या पोटात जाते, तिथून छातीच्या स्नायूंत शिरते आणि दहा ते चौदा दिवसांत दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेची अळी होते. ही अळी डासाच्या सोंडेकडे सरकते, पुढच्या चाव्याच्या वेळी त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत घुसते. माणसाच्या शरीरात आणखी दोनदा कात टाकून ती लसिकावाहिन्यांमध्ये प्रौढ कृमी होते. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, पण शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. ती चार-सहा वर्षे जगते आणि या काळात लाखो पिल्लांना जन्म देते.

डासाचे थंड शरीर आणि माणसाचे 37 अंशांचे रक्त, ही दोन वेगळी जगे आहेत. दोन्हीकडचे अन्न वेगळे, शत्रूही वेगळे. तरीही पाचही अवस्थांत जनुके तीच असतात, एकही बदलत नाही. बदलते ते एवढेच की कोणत्या जनुकाने केव्हा काम करायचे. जुन्या गावात सुतार, लोहार, कुंभार, परीट सगळेच असत. पण पेरणीच्या तोंडावर वर्दळ सुतार-लोहाराकडे आणि लग्नसराईत कुंभाराकडे. एखादे जनुक कामाला लागले की त्याची आरएनए नावाची तात्पुरती नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. पेशीतल्या या नकला मोजल्या की त्या घडीला कोणाच्या दारात वर्दळ आहे ते कळते. शास्त्रज्ञ याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

भारतातल्या बहुतेक रुग्णांना ज्याची बाधा होते, तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टी प्रयोगशाळेतल्या साध्या प्राण्यांत वाढत नाही. म्हणून अभ्यास झाला तो त्याच्या जवळच्या भावंडावर, ब्रुगिया मलायीवर. हा केरळच्या चेर्तलासारख्या पाणथळ भागात आढळत असे, आणि तो जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो. 2007 मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात साडेअकरा हजारांच्या आसपास जनुके असावीत असा अंदाज निघाला. माणसात ती वीस हजारांच्या घरात आहेत. 2011 मध्ये गर्भ, कोवळी पिल्ले, पक्व पिल्ले, तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतल्या अळ्या, प्रौढ नर आणि प्रौढ मादी या सातही टप्प्यांवरच्या आरएनएची मोजदाद झाली.

या मोजणीतून आणि तिच्या आगेमागे झालेल्या कामातून जे दिसले, ते डॉक्टरांनाही चकित करणारे होते. तिसऱ्या अवस्थेची अळी डासात असतानाच ‘एएलटी’ नावाची प्रथिने भरमसाट बनवते आणि अन्ननलिकेच्या ग्रंथींत साठवून ठेवते. डासात तिला त्यांचा फारसा उपयोग नाही. ती बाहेर पडतात माणसाच्या शरीरात शिरल्यावर. म्हणजे परगावी निघण्याआधीच शिदोरी बांधून तयार! प्रतिकारशक्तीशी पहिली गाठ पडते तेव्हा या प्रथिनांचा उपयोग होत असावा असे मानतात, आणि म्हणूनच लसीच्या प्रयोगांत त्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते.

रक्तातल्या पिल्लांची गोष्ट उलटी. नुकतेच जन्मलेले पिल्लू डासात गेले तरी तिथे वाढू शकत नाही. काही दिवसांनी ते पक्व होते, कायटिनेज नावाचे विकर बनवू लागते आणि त्याच सुमारास डासाला संसर्ग करण्याची क्षमताही त्याला येते. चौथ्या अवस्थेकडे जाताना कात सोडवणारी विकरे आणि नव्या कातडीचे कोलॅजन यांची जनुके जागी होतात. प्रौढ नरात शुक्रपेशींच्या प्रथिनाचे जनुक जोरात असते, तर मादीत गर्भ घडवणारी. प्रौढ कृमीच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून बचाव करणारे विकर भरपूर सापडते. शिवाय माणसाच्या संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवून देण्याच्या कामात खोडा घालणारे एक प्रथिन हा कृमी बनवतो. इतकी वर्षे तो आत सुखाने राहतो आणि रुग्णाला पत्ता लागत नाही, याचे कारण अशा युक्त्यांमध्ये आहे.

त्यातही या कृमीच्या पोटात एक भाडेकरू आहे. वोल्बाकिया हा जिवाणू. कृमीला स्वतःला हीम बनवता येत नाही. हीम, रायबोफ्लेविन अशा गोष्टी हा जिवाणू पुरवतो असे त्याच्या 2005 साली वाचलेल्या जनुकसंचावरून दिसते. डासातल्या अळीत हे जिवाणू मोजके असतात. अळी माणसात शिरली की पहिल्या आठवड्यातच त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि मादीत तर अंडाशयाबरोबर वाढतच राहते. चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले तर हे जिवाणू मरतात, मादीची गर्भधारणा थांबते आणि पुढे प्रौढ कृमीही मरतो. पण गर्भवतींना आणि लहान मुलांना हे औषध चालत नाही, आणि सहा आठवडे रोज गोळी अख्ख्या जिल्ह्याला कोण देणार? निवडक रुग्णांसाठी हा मार्ग चांगला आहे, मोहिमेसाठी नाही.

मोहिमेतली औषधे वेगळी. 2015 चे नोबेल ज्या आयव्हरमेक्टिनसाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना मिळाले, ते ज्या रेणूवर जाऊन बसते तो पिल्लांमध्ये प्रामुख्याने उत्सर्जन छिद्राजवळच्या स्नायूत असतो. त्या छिद्रातून पिल्लू जी प्रथिने बाहेर सोडते त्यांचा प्रवाह औषधाने आटतो. मग आजवर गप्प बसलेली प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि संपवते. डीईसीही एकट्याने नव्हे, तर रुग्णाच्या संरक्षक पेशींच्या मदतीने काम करते. प्रौढ कृमी मात्र यातून बऱ्याच अंशी निभावतो आणि काही महिन्यांनी पुन्हा पिल्ले सोडू लागतो. गोळ्या दरवर्षी घ्याव्या लागतात त्या यासाठी. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिन्ही एकत्र दिली की पिल्ले अधिक काळ परतत नाहीत; 2019 मध्ये देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांपासून या त्रिसूत्रीची सुरुवात झाली त्यांत नागपूर होते.

“आशाताई, मला काय झालंय म्हणून गोळ्या?” हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो आणि तो मूर्खपणाचा नाही. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बऱ्याचदा एकही पिल्लू सापडत नाही. रोग पसरवणारा असतो तो धडधाकट दिसणारा माणूस, ज्याच्या रक्तात रात्री पिल्ले फिरतात. त्याने गोळ्या खिशात टाकल्या आणि घरी नेऊन फडताळात ठेवल्या, की त्याच्या शेजारची मुले पुढची काही वर्षे धोक्यात. समोर गोळ्या गिळायला लावण्याचा कर्मचाऱ्यांचा आग्रह अनेकांना अपमानकारक वाटतो, पण त्याला पर्याय नाही. गोळ्यांनंतर ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर ती बहुधा मरणाऱ्या पिल्लांची असते आणि दोन-तीन दिवसांत जाते. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नयेत. गर्भवती, दोन वर्षांखालची बाळे आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या देत नाहीत.

तपासण्याही अवस्थांवर बेतलेल्या आहेत. रात्रीच्या काचपट्टीत पिल्ले दिसतात. प्रौढ कृमी रक्तात सोडतो ते प्रतिजन पट्टीच्या चाचणीत दिवसाही सापडते. तिसऱ्या अवस्थेतल्या ‘डब्ल्यूबी123’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मात्र संसर्गाच्या अगदी सुरुवातीला तयार होतात, कृमी प्रौढ होण्याच्या आधी. मोहीम संपलेल्या भागात लहान मुलांमध्ये ती आढळली, तर प्रसार पुन्हा सुरू झाल्याची शंका घ्यायला हवी. एकाच चाचणीवर विसंबणारे अधिकारी इथे हमखास फसतात.

ज्यांच्या लसिकावाहिन्या आधीच निकामी झाल्या आहेत, त्यांना यातले काहीच पूर्वीचा पाय परत देत नाही. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते, आणि ती सरकारी रुग्णालयात करून घेता येते. पायाचे काम रोजचे आहे: साबण आणि साध्या पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, चिरा पडल्या असतील तिथे मलम, झोपताना पायाखाली उशी, बसताना पाय लोंबकळत न ठेवणे. पाय लाल होऊन थंडी-ताप येण्याचे झटके बहुतांशी त्या चिरांमधून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते, आणि झटके थांबले की ती पुष्कळदा तिथेच थांबते.