कुटा गावचा आर आणि आपला गुंठा

इंडोनेशिया म्हटले की आपल्या घरांतून पटकन बालीचे नाव निघते. बालीच्या पूर्वेला एक सामुद्रधुनी ओलांडली की लोंबोक बेट लागते. बालीत बहुसंख्य हिंदू, तर लोंबोकवर सासाक मुसलमानांची वस्ती. मशिदी इतक्या की या बेटाला ‘हजार मशिदींचे बेट’ म्हणतात. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर कुटा नावाचे कोळ्या-शेतकऱ्यांचे खेडे आहे. (बालीतही एक कुटा आहे, गजबजलेले. ते वेगळे.) आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या कोकणातल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर हल्ली या गावच्या बंगल्यांच्या जाहिराती येतात, आणि “मुस्लिम वस्ती आहे, समुद्र आहे, स्वस्तही आहे, घेऊन टाकू का?” असा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे जाऊन राहिलो, ते थोडे फिरण्यासाठी आणि थोडे या प्रश्नासाठी.

जाणे अवघड नाही. क्वालालंपूर किंवा बालीमार्गे विमान बदलून लोंबोकला उतरता येते. बालीच्या पादांगबाई बंदरातून लोंबोकच्या लेम्बारला बोटही आहे, चार-पाच तास लागतात. भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच 30 दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याची फी 5 लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नये, आपल्या एका रुपयाला दीडशेहून जास्त रुपिया मिळतात. हा व्हिसा आणखी 30 दिवसांसाठी एकदा वाढवता येतो. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा.

विमानतळाला मौलाना झैनुद्दीन अब्दुल मजीद यांचे नाव आहे. शिक्षक म्हणून हे नाव आम्हाला विशेष वाटले. ते मक्केच्या मदरसा सौलतियात शिकले. हा मदरसा 1857 नंतर हिंदुस्थान सोडावा लागलेल्या मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी काढला आणि त्याला नाव मिळाले ते मदत देणाऱ्या कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांचे. तिथे शिकून परतलेल्या या तरुणाने लोंबोकच्या पांचोर गावी 1937 मध्ये मदरसा सुरू केला आणि 1943 मध्ये खास मुलींसाठी दुसरा. पुढे त्यातूनच ‘नहदलतुल वतन’ ही बेटावरची मोठी शैक्षणिक संस्था उभी राहिली. कलकत्त्याच्या एका बाईच्या दानाचा धागा असा लोंबोकच्या मुलींच्या शाळेपर्यंत पोहोचलेला आहे.

भाषेची गंमत तर उर्दू-मराठी जाणणाऱ्यालाच कळावी. खुर्चीला ‘कुर्सी’, वेळेला ‘वक्तू’, खबरीला ‘काबार’, जगाला ‘दुनिया’. दुसऱ्या बाजूला भाषेला ‘बहासा’, शिक्षकाला ‘गुरू’, गावाला ‘देसा’. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात, हे ऐकून आमच्या घरात दोन दिवस हसू चालले होते. गावच्या सरपंचाला ‘कपाला देसा’ म्हणतात, म्हणजे गावाचे डोके.

कुटापासून थोड्या अंतरावर रेम्बितान भागात सादे ही जुनी सासाक वस्ती आहे. तिथे गवताने शाकारलेली घरे आणि बुटकी दारे आहेत. आत शिरताना वाकावेच लागते. जमीन म्हशीच्या शेणाने सारवलेली. आमच्या मुलांनी नाकाला रुमाल लावला, पण आम्हाला आजोळच्या पडवीची आठवण झाली. भात साठवायचे ‘लुंबुंग’ टोपीसारख्या गोल छपराचे आणि खांबांवर उचललेले. बायका मागावर सोंगकेत विणतात. पूर्वी मुलीला विणता आल्याशिवाय तिचे लग्न ठरत नसे. जेवणात भात, ताज्या मिरचीची चटणी घातलेली कांगकुंगची भाजी आणि भाजलेली तालिवांग कोंबडी. तिखट असे की कोल्हापूरकरानेही पाणी मागावे. हलालची चौकशी करावी लागत नाही. फजरच्या अजानेला सारे गाव जागे होते.

आता जमिनीकडे येऊ. सरकारने 2014 मध्ये या किनाऱ्यावर सुमारे 1,035 हेक्टरचे ‘मंदालिका’ विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर केले. 2021 मध्ये 4.3 किलोमीटरचा शर्यतीचा मार्ग खुला झाला आणि मार्च 2022 मध्ये मोटारसायकलींची जागतिक शर्यतही झाली. त्याआधी, मार्च 2021 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी शेतकरी आणि मच्छीमार कुटुंबांना घरे-शेते सोडावी लागल्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. सरकारने आरोप फेटाळले. रायगड-रत्नागिरीच्या माणसाला प्रकल्प, मोबदला आणि दलाल ही कथा नवी सांगायला नको.

तिथे भाव ‘आर’वर सांगतात. हा आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, 100 चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. पण साम्य इथेच संपते. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूळ जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. (यातला ‘हाक’ म्हणजे आपला हक्कच.) परदेशी माणसाला रहिवासी परवाना असेल तर ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क मिळतो. तो आधी 30 वर्षे, नंतर वाढवून 20, आणि नूतनीकरण झाले तर आणखी 30. दुसरा मार्ग लांब भाडेपट्ट्याचा, बहुधा 25-30 वर्षांचा, पैसे एकदम आगाऊ. तिसरा मार्ग कंपनी काढण्याचा, पण परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला 10 अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक दाखवावी लागते. तो आपल्या पगारदार घरांचा रस्ता नव्हे.

दलाल चौथाच मार्ग सुचवतात. “स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, आतून करार करू. तोही मुसलमान भाऊच आहे.” इथे थांबावे. परदेशी माणसाला आडमार्गाने मालकी देणारा असा व्यवहार त्याच कायद्याच्या 26 व्या कलमाने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. यात भाऊपणाचा प्रश्नच येत नाही. उद्या त्या भल्या माणसाचा इंतकाल झाला तर जमीन त्याच्या वारसांची, आणि ती त्यांनी का सोडावी?

कागदही नीट पाहावा. जमीन कार्यालयाचे ‘सर्तिफिकात’ हा मालकीचा पुरावा. ‘गिरिक’ किंवा ‘पिपिल’ म्हणून दाखवतात ते जुने कराचे कागद. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीने कोणी मालक होत नाही, तसेच ते. व्यवहार तिथल्या नोटरीसमोर होतो, आणि तो नोटरी दलालाने आणलेला नसावा. बांधकाम भूकंप सोसणारे आहे का, हेही विचारावे. 5 ऑगस्ट 2018 च्या भूकंपात या बेटाच्या उत्तर भागात शेकडो माणसे गेली.

भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात. ठरावीक मर्यादेवर बँक आगाऊ कर घेते आणि परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. हवाल्याने पैसे पाठवून बंगला घेणाऱ्याची झोप गेलीच म्हणून समजा.

आमच्या मनात मात्र कायद्यापेक्षा वेगळीच गोष्ट राहिली. कुटाच्या किनाऱ्यावर शाळेच्या वयाची मुले हातातले रंगीत दोऱ्यांचे कडे विकत फिरतात. “कितवीत आहेस?” असे आम्ही त्यांच्याच भाषेत तोडकेमोडके विचारले की काही जण सांगत, काही नुसतेच हसत. किनाऱ्याची जमीन एकदा विकली की दक्षिण लोंबोकच्या शेतकऱ्याकडे पावसावरचे एकच पीक देणारा तुकडा उरतो, किंवा तोही नाही. मग हॉटेलात झाडलोट, नाहीतर मलेशियाच्या पामच्या मळ्यात मजुरी. या बेटावरून मलेशियाला जाणारे खूप. आखाताला गेलेल्या आमच्या घरांना हे परके नाही.

म्हणून नातेवाइकांना आम्ही सांगितले की बंगल्याचा नाद सोडा. गावातल्याच एखाद्या कुटुंबाच्या घरची खोली भाड्याने घ्या आणि महिनाभर राहा, पैसा त्याच घरात जाईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ‘बाऊ न्याले’चा मेळाही दिसेल. मंदालिका राजकन्येची कथा सांगत हजारो माणसे पहाटेच्या अंधारात समुद्रातले रंगीत किडे पकडायला उतरतात आणि घरी नेऊन शिजवून खातात. आम्हाला मे महिन्यामुळे ते हुकले. मुलांनी पुढच्या खेपेसाठी आताच हट्ट धरला आहे, किडे खाण्याची अट मात्र त्यांना मान्य नाही.