पहिला रोजा ते बकरी ईद

गेल्या आठवड्यात पेणहून नागोठण्याला घरी परतताना एसटी वडखळच्या पुढे वाहनांच्या रांगेत अडकली आणि मगरीबची अजान गडबच्या थांब्यावरच गाठायची वेळ आली. खाली उतरलो. डब्यात चार खजूर होते. टपरीवाल्या दादांनी न मागता पाण्याची बाटली पुढे केली, वर आपल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा बाजूला जाऊन ओढ रे, सरांचा रोजा सुटतोय." माझ्यासोबत एक ओळखीचा तरुण उतरला होता. त्याचाही रोजा होता. त्याने एक खजूर घेतला, दोन घोट पाणी प्यायला आणि तिसऱ्या मिनिटाला सिगारेट पेटवली. "सर, दुपारपासून डोकं ठणकतंय," तो ओशाळून म्हणाला.

मी काही बोललो नाही. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली आहेत. बायकोच्या तपासण्या चालू आहेत, दोन डॉक्टर झाले, तिसरा चालू आहे. त्याची स्वतःची तपासणी अजून झालेली नाही. (हे त्याला विचारूनच लिहितो आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

न बोलण्याचं खरं कारण वेगळं होतं. अठरा वर्षांपूर्वी मी नेमका असाच होतो.

एम.ए.च्या दिवसांत वसतिगृहात लागलेली सवय नोकरी लागल्यावर दिवसाला दहा-बारा सिगारेटींवर स्थिरावली होती. लग्नानंतर तीन वर्षं मूल नाही. बायकोची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या चाचण्या झाल्या, गर्भनलिकांमध्ये औषध सोडून काढतात तो एक्स-रे झाला. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिला सरळ बसवत नव्हतं. अम्मीने तावीज आणला, शेजारच्या काकूंनी आपल्या देवीला नवस बोलला. दोघींचा जीव खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्यात माझ्या वाट्याला काय आलं? सोबत जाणं आणि दवाखान्याबाहेर उभं राहून सिगारेट ओढणं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिची जाडजूड फाइल चाळून मला विचारलं, "सर, यात तुमचा कागद कुठला?" माझा कागदच नव्हता.

आपल्या भाषासुद्धा याला साथ देतात. मराठीतलं वांझ आणि उर्दूतलं बाँझ, दोन्ही एकाच संस्कृत 'वन्ध्या'ची लेकरं. दोन्ही शब्द बाईलाच चिकटतात. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्दच नाही. 'निपुत्रिक' म्हटलं तर ते त्याचं दुर्दैव वाटतं, त्याच्या शरीराबद्दल ते काही सांगत नाही. आणि 'नामर्द' म्हणजे भलतीच गोष्ट. इथेच मोठा घोटाळा होतो. संबंध नीट होतात म्हणजे मूल होण्याची क्षमताही आहे, असं पुरुष धरून चालतो. वीर्यात शुक्रजंतूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकी सारा द्रव. शुक्रजंतू एकही नसला तरी वीर्य दिसायला तसंच दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय काही कळत नाही. मूल न होण्यामागे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून मराठी माणसाला लैंगिक आरोग्यावर मोकळं बोलायला शिकवू पाहिलं, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. आपण मात्र अजून कुजबुजतच आहोत.

आता सिगारेटचा यात काय संबंध? शुक्रजंतू ही शरीरातली फार हलकी, उघडीवाघडी पेशी आहे. डोक्यात वडिलांकडचा जनुकीय मजकूर, मधल्या भागात शक्ती पुरवणारं यंत्र आणि मागे शेपूट. इतर पेशींमध्ये स्वतःचं संरक्षण करणारी द्रव्यं जशी भरपूर असतात तशी हिच्यात नसतात, कारण ती ठेवायला जागाच नाही. धुरातली विषारी द्रव्यं रक्तात आणि तिथून वीर्यात उतरतात. निकोटिन आणि शरीरात त्यापासून बनणारं कोटिनिन वीर्यात मोजता येतं, कॅडमियमसारखे जड धातूही सापडतात. त्यांच्या माऱ्याने पेशीचं आवरण खराब होतं, शेपटीची हालचाल मंदावते आणि डोक्यातला डीएनए तुटतो. तुटक्या डीएनएने गर्भ राहिला तरी तो टिकण्यात अडचण येऊ शकते. शिवाय वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने रक्तवाहिन्या अरुंद होतात. हृदयाच्या होतात तशा लिंगाच्याही. ज्या मर्दानगीच्या जाहिराती करून सिगारेट विकली गेली, तिलाच ती पोखरते.

हे टपरीवर सांगायला गेलं की एक उत्तर ठरलेलं असतं. गडबच्या दादांनीही तेच दिलं: "सर, माझा बाप दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचा. आम्ही सात भावंडं." उत्तर चुकीचं नाही. त्याचा हिशेब असा. २०१६ मध्ये 'युरोपियन युरॉलॉजी' या नियतकालिकात वीस अभ्यास एकत्र करून ५८६५ पुरुषांची आकडेवारी तपासली गेली. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्रजंतूंची संख्या दर मिलिलिटरमागे सरासरी सुमारे ९७ लाखांनी कमी निघाली, हालचाल आणि आकारही उणे. आता ज्याच्याकडे मुळात दहा कोटी आहेत त्याला ९७ लाख गेलेले कळणारही नाहीत. दादांचे वडील बहुधा त्यातले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख धरली आहे. जो आधीच त्या काठावर उभा आहे, त्याच्या खिशातून ९७ लाख काढून घेतले तर? त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना आधीच मूल होण्यात अडचण होती त्यांच्यात आणि जास्त ओढणाऱ्यांत नुकसान अधिक होतं. आपण कुठल्या गटात आहोत हे तपासणीशिवाय कुणालाच माहीत नसतं.

दादांनी मग आपली तंबाखूची पुडी उघडली, चुना लावला आणि मिस्कीलपणे म्हणाले, "म्हणजे आपण वाचलो. आपण कुठे ओढतो?"

तर तेही नाही. आपल्या राज्यात खरी गोष्ट धुरापेक्षा पुडीचीच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे ६ टक्के पुरुष धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू चघळणारे किंवा तोंडात धरणारे जवळपास ३२ टक्के. आणि चघळण्याचा वीर्यावर काय परिणाम होतो याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या मुंबईतलाच आहे. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ पुरुषांची, दिवसातून किती वेळा तंबाखू चघळतात त्यानुसार गटवारी केली गेली. २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जितक्या जास्त वेळा तंबाखू, तितका रिपोर्ट खराब. सहापेक्षा जास्त वेळा चघळणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट, त्यांच्यातल्या काहींच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. बिडी, सिगारेट, पुडी अशी निवड करून यातून सुटका नाही. गंमत म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा व्यापणारं भीतीदायक चित्र कॅन्सरचं असतं. विशी-पंचविशीतल्या मुलाला कॅन्सर साठीत होणारी गोष्ट वाटते. मूल होणं मात्र त्याच्या अगदी दारात उभं असतं.

मराठीत सिगारेट ओढतात, उर्दू-हिंदीत पितात. रोजाचा नियम उर्दूच्या बाजूचा: धूर मुद्दाम घशाखाली घेतला तर रोजा तुटतो, पाणी प्यायल्यासारखाच. त्यामुळे वर्षातून एक महिना, दररोज तेरा-साडेतेरा तास, पक्का सिगारेट पिणाराही ती सोडून राहतो. जगातल्या कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राला हेवा वाटावा अशी ही सोय. आणि आपण तिचं काय करतो? इफ्तारला पहिली, तरावीहच्या आधी दुसरी, नंतर मित्रांच्या कट्ट्यावर चार, सहरीला एक घाईघाईने. दिवसभराची उधारी रात्री फेडतो. माझा एकेका रात्रीचा आकडा आठवर जायचा. शरीराच्या दृष्टीने ती सिगारेट सोडणं नव्हतंच, फक्त वेळापत्रक बदलणं होतं.

तपासणीचा कागद हातात आला तो शाबान महिन्यात. संख्या कमी, हालचाल मंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिगारेटमुळेच असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हातात असलेली गोष्ट तीच एक आहे." पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला आजही उपयोगी वाटतं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, नंतर वाटेत पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आज सोडलेल्या सिगारेटचा फायदा दिसायला तीन महिने हवेत. महिनाभर सोडून "काही फरक नाही" म्हणत पुन्हा पेटवणारे तिथेच चुकतात. मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. पहिल्या रोजापासून बकरी ईद साधारण ९८ दिवसांवर येते. आपल्या हिंदू वाचकांसाठीही हिशेब तयार आहे: अधिक महिना मध्ये आला नाही तर गुढीपाडव्यापासून आषाढी एकादशीही तेवढ्याच दिवसांवर.

सोपं नव्हतं. पहिले तीन-चार दिवस इफ्तारनंतर घरातल्या माणसांवर उगाच खेकसायचो. लवंग तोंडात धरायचो, तरावीहनंतर कट्टा टाळून सरळ घरी यायचो. दुसऱ्या आठवड्यात तलफ उतरली. एकदा ईदच्या दिवशी घसरलो, तेही सांगून टाकतो. आज हे करणाऱ्याला निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमचा आधार डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतो आणि १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो.

बकरी ईदनंतरचा रिपोर्ट आधीपेक्षा बरा होता. मुलगी त्याच्या पुढल्या वर्षी झाली. सिगारेट सोडल्यामुळेच झाली असा दावा मी करणार नाही. सोडूनही ज्यांना मूल झालं नाही असे मित्र मला आहेत. काहींच्या वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात, काहींना वयात आल्यावर गालफुगीचा त्रास झालेला असतो, कुणी वर्षानुवर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभं असतं आणि उष्णता शुक्रजंतूंना सोसत नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यानंतर उपचार फार पुढे गेले. पण त्या महागड्या उपचारांचं यशही तंबाखूने घटतं.

आणि पुरुषाची पहिली तपासणी या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि बिनदुखापतीची आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, प्रयोगशाळेने दिलेल्या डबीत नमुना द्यायचा. घरी घेतला तर अंगाजवळ, खिशात उबेत ठेवून तासाभरात पोचवायचा. महामार्ग मोकळा असेल तर गडबहून पेण तेवढ्यात गाठता येतं. ज्यांना हस्तमैथुन धर्माच्या दृष्टीने पटत नाही त्यांच्यासाठी संबंधाच्या वेळी वापरायचे खास निरोध मिळतात, नेहमीचे चालत नाहीत. रोजा असताना हे करता येणार नाही, तेव्हा ईदनंतरचा आठवडा बरा. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून खचायचं नाही, काही आठवड्यांनी दुसरा करायचा.

त्या संध्याकाळी रांग हलली, एसटीत आम्ही शेजारी बसलो तेव्हा यातलं थोडं त्या तरुणाला सांगितलं. निडीपर्यंत... नव्हे, नागोठण्यापर्यंतच, तो काहीच बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "सर, रिपोर्ट वाईट आला तर घरी कुणाला सांगायचं?"

घरी जाऊन मी हा प्रश्न बायकोला सांगितला. तिने कपाटातून ती जुनी फाइल काढली. तिचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले आहेत, आणि माझा एक कागद तिने केव्हाच सगळ्यांत वर लावून ठेवला आहे. "त्याला सांगा," ती म्हणाली, "पहिल्यांदा बायकोला."