राकिमचा खालचा स्वर

न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत मार्ली मार्ल या संगीतनिर्मात्याने आपल्या बहिणीच्या घरात एक तोकडा स्टुडिओ थाटला होता. १९८६ च्या सुमारास तिथे लाँग आयलंडवरील वायंडँच गावचा एक तरुण कोचावर ऐसपैस बसून, हातातल्या कागदावरील आपल्याच ओळी संथपणे म्हणू लागला, तेव्हा हजर असलेल्या मार्ली व एमसी शान या दोघा जाणत्यांना तो प्रकार मुळीच रुचला नाही. उठून उभा राहा, जरा जोर लाव, असे त्यांनी त्याला परोपरीने सांगून पाहिले; पण स्वारी बधली नाही. त्या वर्षी निघालेल्या तबकडीच्या एका बाजूस 'एरिक बी. इज प्रेसिडेंट' आणि दुसऱ्या बाजूस 'माय मेलडी' ही गीते होती, व ती ऐकल्यावर रॅपच्या दुनियेतील पुष्कळांना आपापल्या वह्या नव्याने उघडाव्या लागल्या.

विल्यम मायकेल ग्रिफिन हे या तरुणाचे कागदोपत्री नाव. 'फाइव्ह पर्सेंट नेशन' या पंथाच्या शिकवणुकीकडे ओढला गेल्यावर त्याने राकिम हे नाम धारण केले. त्याचे वेगळेपण ध्यानात यावयाचे, तर त्यापूर्वीची वहिवाट ठाऊक हवी. १९७३ साली ब्राँक्समधील कूल हर्कच्या मेजवान्यांतून हिप-हॉपचा उगम झाला असे मानतात. तिथे एमसीचे, म्हणजे रॅप म्हणणाऱ्याचे, मूळ काम नाचणाऱ्या जमावाला चेव आणण्याचे असल्यामुळे आवाज चढा, ओळ आटोपशीर आणि यमक ओळीच्या अखेरीस, असा शिरस्ता पडून गेला. मेली मेल, ग्रँडमास्टर कॅझ, कूल मो डी यांनी त्यात शब्दसामर्थ्य ओतले, आणि राकिमने या तिघांचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. तथापि रन-डीएमसीच्या ऐन अमदानीतही ललकारी हाच रॅपचा स्थायीभाव होता.

राकिमने निराळा सूर आणला तो घरातून. रिदम अँड ब्लूजची विख्यात गायिका रूथ ब्राउन ही त्याची मावशी. घरात जॅझच्या तबकड्या सदैव वाजत असत, आणि लहानपणी तो स्वतः सॅक्सोफोन वाजवीत असे. जॉन कोल्ट्रेन एकाच फुंकरीत दोन सूर काढतो हे ऐकून, तसे काही शब्दांत साधेल काय, या ध्यासाने आपण लिहू लागलो, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. सॅक्सोफोन वाजविणाऱ्यास दम कुठे घ्यावयाचा हे आधीच ठरवावे लागते, आणि माझ्या मते राकिमच्या साऱ्या कारागिरीचे मर्म त्या दमसासाच्या हिशेबात आहे.

चार ठोक्यांचे एक आवर्तन घेऊन पाहा. जुन्या पद्धतीत चौथा ठोका आला की यमक हटकून यावयाचे आणि वाक्यही तिथेच संपावयाचे. राकिम पहिले यमक दुसऱ्या ठोक्याच्या आसपास टाकतो, त्याला दोनतीन अक्षरांचे जुळे लगेच पुढे आणून ठेवतो, आणि वाक्य मात्र आवर्तनाची वेस ओलांडून पुढच्या ओळीत नेतो. कसलेला ख्यालिया समेला हुलकावणी देऊन नेमक्या क्षणी तिच्यावर येतो, तसा तो मग ठोक्यावर उतरतो. अशा अंतर्यमकांच्या दाटीत अर्थाचा बळी जाण्याचे भय असते. (मोरोपंतांवर तो ठपका ठेवणारे टीकाकार आपल्याकडे काही थोडे नाहीत.) राकिमचे वाक्य मात्र गद्य बोलल्यासारखे सरळ चालते, आणि यासाठीच त्याला खालचा स्वर लागतो, ओरडून म्हटले असते, तर ही आतली वीण ऐकूच आली नसती.

१९८७ चा 'पेड इन फुल' हा संग्रह या शैलीची सनदच म्हणावा लागेल. २००६ साली एमटीव्हीने हिप-हॉपच्या सर्वश्रेष्ठ संग्रहांच्या यादीत त्याला अव्वल स्थान दिले. जेम्स ब्राउन व त्याचा सहकारी बॉबी बर्ड यांच्या जुन्या गीतांतील तुकडे उचलून त्यांवर नवे काव्य रचण्याची टूम त्यानंतर इतकी बोकाळली की काही वर्षे ब्राउनचा चीत्कार ऐकू न येणारी तबकडी विरळाच. १९८६ च्या त्या पहिल्या तबकडीच्या संगीतरचनेचे श्रेय राकिमचा जोडीदार डीजे एरिक बी. याचे की मार्लीचे, हा तंटा मात्र पुढे बराच काळ धुमसत राहिला. १९८८ मधील 'फॉलो द लीडर' मला अधिक धाडसी वाटतो, कारण तिथे राकिमने गल्लीतली बढाई सोडून थेट अंतराळाचा विस्तार कवेत घेतला.

क्वीन्सब्रिजमध्येच वाढलेल्या नॅसने १९९४ च्या 'इलमॅटिक'मध्ये हा वारसा पुढे नेला, आणि २००४ साली राकिमचे चरित्रच एका गीतात गुंफले. हयात गुरूला अशी पावती क्वचितच मिळते. एमिनेमची बहुअक्षरी यमकेही याच कुळातली. परंतु अनुयायांपैकी बहुतेकांनी यमकांची दाटी तेवढी घेतली आणि संथपणा टाकला, त्यामुळे वेग म्हणजेच कौशल्य असा एक गैरसमज मागाहून रूढ झाला.

खुद्द राकिमची पुढली वाट खडतर निघाली. १९९२ च्या चौथ्या संग्रहानंतर एरिक बी.शी असलेली जोडी फुटली, करारांच्या कज्ज्यांत काही वर्षे गेली, आणि पहिला एकट्याचा संग्रह १९९७ मध्ये आला. पुढे डॉ. ड्रेच्या आफ्टरमॅथ कंपनीशी त्याने करार केला. वर्षे उलटली, पण दोघांच्या कल्पना जुळेनात, आणि ठरलेला संग्रह न निघताच तो २००३ मध्ये तिथून बाहेर पडला. त्यानंतरचा 'द सेव्हन्थ सील' यावयास २००९ उजाडले.